विणलेली पर्स आणि मांजरपाटाचं अस्तर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण केलेली पर्स आता आषाढ लागला तरी रोज खांद्यावर आहे. अमळनेर ते जळगाव रेल्वेने जाणं-येणं, आठवड्यातले सहा दिवस. आत जेवणाचा डबा, लिटरभर पाण्याची बाटली, छत्री, पाकीट, चष्म्याचं घर, फोन आणि किल्ल्यांचा जुडगा. एकदा भरलेली पर्स घरच्या काट्यावर ठेवली तर 2 किलो 700 ग्रॅम भरली. एवढं ओझं रोज उचलून आठ महिन्यांत ती कुठे उसवली नाही. उंची परवा टेपने मोजली. 11 इंचांची विणली होती, आज सव्वाअकरा आहे.

हा आकडा आधी सांगितला, कारण याआधीच्या दोन पर्स मी मन लावून विणल्या आणि दोन्ही वाया गेल्या. तिन्हींची वीण एकच, विणणारा हातही एकच. दोरा बदलला, पण खरा फरक होता तो आतल्या अस्तरात.

पहिली पर्स किरमिजी लोकरीची होती. आमच्याकडे थंडीत दुकानात लोकर येते ती बहुतेक ॲक्रिलिकची. अस्तर लावायचं मनातही आलं नाही. वीण घट्ट आहे, पुरेल, असं वाटलं. तीन आठवड्यांत 11 इंचांची पर्स 14 इंचांची झाली. पेन टाक्यांतून बाहेर डोकवायचं, किल्लीचे दात धाग्यात अडकायचे. पट्टा तर रोज थोडा थोडा ताणत गेला. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, मी गाडीवरून आले, आणि त्या म्हणाल्या, "माय वं, हाई ते घुडगालोंग उनी!" खरंच गुडघ्याशी आली होती. ड्रेसला घासायची त्या बाजूला लोकरीचे गोळे आले ते वेगळेच.

विणलेलं कापड ताणतं यात विणणारीची चूक नसते. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे सरळ असतात. आपल्या विणकामात सगळा धागा वळणावळणाने जातो, म्हणून वजन पडलं की वळणं सरळ होऊ पाहतात. स्वेटरला हा गुण हवाच असतो, पिशवीला तो नको.

दुसऱ्या वेळी सुती दोरा घेतला, लाल. आणि अस्तराला आजीचं लुगडं. आजीच्या पेटीतलं ते हिरवं सुती लुगडं, धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की गालाला लावून बसावंसं वाटे. गोधडीत घालण्यापेक्षा रोज सोबत राहील म्हणून कापलं. अडीच महिन्यांनी चेनच्या कडेला ते फाटलं. शिवण टिकली होती, शिवणीशेजारचं कापडच विरलं. जुन्या कापडात जीव उरलेला नसतो हे मला गोधडीवरून कळायला हवं होतं. गोधडीत चार-पाच थर एकमेकांना धरून असतात आणि सगळीकडून धावदोरा असतो. इथे एकच थर, आणि त्यावर रोजचं अडीच किलो. शिवाय पहिल्याच धुण्यात लाल दोऱ्याचा रंग सुटला आणि उरलेलं लुगडं गुलाबी झालं. त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं. दोरा विकणाऱ्याने रंग पक्का असल्याची खात्री दिली होती. तेव्हापासून मी कुठल्याही गडद दोऱ्याची हातभर लांबी कोमट पाण्यात भिजवते, पांढऱ्या फडक्यात पिळते, आणि मगच सुईवर टाके घालते.

आता तिसरीबद्दल, म्हणजे जिच्यासाठी हे लिहिते आहे.

दोरा सुती, बिनरंगी, दुधाळ. हा मिळवायला फार फिरले. इथे शिवारात जिकडे पाहावं तिकडे कापूस, वेचणीच्या दिवसांत घराघरांत कापसाचे ढीग, आणि विणायचं सूत मात्र अमळनेरात मला कुठे मिळालं नाही. जळगावच्या फुले मार्केटात दोन दिवस दुपारच्या सुट्टीत हिंडले तेव्हा एका ठिकाणी मिळालं. 50 ग्रॅमचे पाच गुंडे लागले.

सुया 10 नंबरच्या. नव्याने विणणाऱ्यांसाठी सांगते, आपल्याकडे सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. या जाडीच्या दोऱ्याला दुकानदार 8 नंबर सुचवतात, स्वेटरसाठी ते योग्यही आहे. पिशवीसाठी मी मुद्दाम बारीक घेतली, म्हणजे वीण दाट येते. बोटं दुखतात, पण दाटपणा हवाच. इंचाला 6 टाके आले.

वीण साबुदाण्याची. एक टाका सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलटावर उलट. ही वीण कडेने मुडपत नाही, दोन्हीकडून सारखी दिसते, आणि नुसत्या सुलट-उलट ओळींच्या विणीपेक्षा कमी लांबते. टाके मी 79 घेतले. विषम संख्या असली की प्रत्येक ओळ सुलट टाक्यानेच सुरू होते, आणि मग गाडीत विणताना धरणगाव स्टेशनला गर्दी चढली, विणकाम गुंडाळून ठेवावं लागलं, पाळधी गेल्यावर पुन्हा काढलं, तरी कुठे होतो ते शोधावं लागत नाही. पुढची बाजू, तळ आणि मागची बाजू मिळून 25 इंचांची एकच पट्टी विणली, साधारण 250 ओळी. शेजारच्या दोन बाजूंना 3 इंच रुंदीच्या वेगळ्या पट्ट्या.

विणून झाल्यावर सगळे तुकडे पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, गोधडीवर टाचण्या लावून सपाट वाळवले. हे केल्याशिवाय अस्तर बेतू नका. भिजल्यावर माप बदलतं, माझी पट्टी जवळजवळ अर्धा इंच पसरली होती.

अस्तराला कोरा मांजरपाट, म्हणजे साधं जाडसर सुती कापड, एक मीटर. रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी पाणी खळीने गढूळ झालं होतं. चोळून धुतला, वाळवला, इस्त्री केली, आणि मोजला तर लांबीत दोन इंच कमी. हे आकसणं कापण्याआधी झालेलं बरं. पर्स शिवल्यावर अस्तर आकसलं तर बाहेरच्या विणीला चुण्या पडतात.

बेतताना मी अस्तर विणीपेक्षा पाव इंच लहान ठेवलं, शिलाईचा अर्धा इंच वेगळा. आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी हे सांगितलं आणि सगळं कोडं सुटलं. "ताई, ओझं आतल्याने उचलायचं, वरच्याने नाही. आतलं मोठं ठेवलं तर ते नुसतं लोंबतं आणि सगळा भार विणीवर येतो." मी तोवर अस्तर म्हणजे आतून नीटनेटकं दिसावं म्हणून लावायचं कापड समजत होते.

त्याच विचाराने नवार घातली. खाटेची असते तशीच, पण सव्वा इंच रुंदीची, पावणेदोन मीटर. पट्टा 3 इंच रुंद विणून नवारीभोवती दुमडला आणि हाताने शिवला. नवार पट्ट्यातच थांबवली नाही. एका बाजूने खाली उतरवली, तळाखालून फिरवून दुसऱ्या बाजूने वर नेली आणि टोकांना टोक जोडलं. असं आख्खं कडं झालं, झोळीसारखं. ते अस्तराला बाहेरून टीप मारून पक्कं केलं आणि वरून विणलेली पर्स चढवली. आता खांद्यावरचं ओझं नवारीवर, नवारीवरून मांजरपाटावर. वीण फक्त वरून बसलेली आहे. पाव इंचाचं गुपित एवढंच.

चेन विणीला शिवू नका. दुसऱ्या पर्सला मी तशी शिवली होती, तर दर दोन दिवसांनी रनरमध्ये धागा अडकायचा. या वेळी 5 नंबरची चेन आधी मांजरपाटाच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवली, पट्ट्या अस्तराला जोडल्या. चेन विणीच्या काठापासून पाऊण इंच खाली राहते, धागा तिथे पोचत नाही. अस्तर आत बसवल्यावर तळाच्या चारही कोपऱ्यांत चार-चार टाके घालून ते विणीला पकडवलं. नाहीतर डबा ओढून काढताना अस्तर पण सोबत बाहेर येतं.

विणीवर मशीन चालवायची वेळ आलीच तर खाली पातळ कागद ठेवा. मशीनचे दाते टाक्यांत अडकत नाहीत, कापड ताणलं जात नाही, आणि टीप झाल्यावर कागद ओढला की फाटून निघतो. मी वर्तमानपत्र ठेवलं होतं, त्याची शाई दुधाळ दोऱ्याला लागली. तो करडा डाग पट्ट्याच्या मुळाशी अजून दिसतो. बटर पेपर घ्या.

वापर सगळ्या ऋतूंत झाला. थंडीत काहीच अडचण नाही. एप्रिल-मे मध्ये, पारा 44-45 वर गेला तेव्हा खरी परीक्षा. सुती असल्यामुळे खांद्याला चिकटली नाही, घाम शोषला, आणि त्यामुळेच पट्ट्याचा वरचा वीतभर भाग पिवळट पडला. दर पंधरा दिवसांनी तेवढाच ओल्या साबणाच्या फडक्याने पुसत होते. पावसाने मात्र चूक दाखवली. तळाला मी जाड पुठ्ठा घातला होता. जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात तो भिजून पापडासारखा झाला. आता जुन्या प्लास्टिक फाइलच्या कव्हराचे दोन तुकडे एकावर एक ठेवून कापडी खोळीत घातले आहेत, धुताना काढता येतात.

माहेर यावलकडचं. चैत्रात भावाने मळ्यातून ताजी कापलेली केळ्याची फणी दिली, मी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली. चीक गळला. केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी काळा, आणि मग साबण, लिंबू, ऊन, कशानेच जात नाही. डाग अस्तरावर हाताएवढा आहे, बाहेर एक ठिपकाही नाही. अस्तर नसतं तर एकट्या मोठ्या पट्टीचंच साधारण 19,750 टाक्यांचं काम त्या दिवशी संपलं होतं.

धुणं आतापर्यंत चार वेळा. उलटी करून गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात, पिळायचं नाही. वाळत टांगायची तर मुळीच नाही, ओलं सूत फार जड होतं आणि टांगलं की आठ महिन्यांची राखलेली उंची एका दुपारी जाईल. बाजेवर सावलीत पसरते. उन्हाळ्यात दुपारपर्यंत वाळते, हल्ली दोन दिवस लागतात.

जे मनासारखं नाही तेही सांगते. रिकामी पर्सच 430 ग्रॅम भरते, ज्यांना मान-खांद्याचा त्रास आहे त्यांनी विचार करावा. दुधाळ रंग रेल्वेच्या प्रवासाला योग्य नाही, पुढची मातकट घेईन. बाटलीसाठी आत वेगळा उभा कप्पा हवा होता, बाटली आडवी पडते. खर्च सगळा धरून 800 रुपयांच्या आत झाला, वेळ पाच आठवडे. त्यातलं निम्मं विणकाम गाडीत झालं. अस्तराला मात्र सलग दोन रविवार घरी बसावं लागलं, आणि घाईत असाल तर ते काम सुरूच करू नका.

क्रोशाची पर्स करू का, असं दोघी-तिघींनी विचारलं. जरूर करा, क्रोशाचं काम सुयांपेक्षा कडक येतं, कमी ताणतं. पण जाळी मोठी असेल तर अस्तर बाहेरून दिसतं, म्हणून रंग जुळवून घ्या. नवार तिलाही घाला.

आजीचं लुगडं वाया गेलं नाही. गुलाबी न झालेला काठाचा एक तुकडा उरला होता, वीतभर. तो मांजरपाटावर दुहेरी शिवून आतला खिसा केला. त्यात फक्त रेल्वेचा पास ठेवते, वजन काहीच नाही. परवा वहिनीने तो काठ ओळखला आणि तिच्यासाठी पर्स मागितली. सुईवर 79 टाके घातले आहेत, मातकट सूत, 31 ओळी झाल्या.