वायरमनला चार स्टार, प्लास्टरवाल्याला अडीच

नाशिकला आमच्या जुन्या घरावर वरचा मजला चढवला, वायरिंग एका टीमकडे होतं आणि गिलावा दुसरीकडे. नावं नाही देत कोणाची, कारण दोघंही आपापल्या कामात बरेच आहेत, घोळ सगळा होतो तो दोघांच्या मधे, म्हणजे भिंतीतल्या स्विचबोर्डच्या बॉक्सपाशी.

आधी वायरमन. काम चोख. विटेच्या भिंतीला कटरने दोन रेघा मारून मग छिन्नीने पाइपसाठी झिऱ्या (खाचा) काढल्या, डायरेक्ट घणाचे घाव घालून भिंत खिळखिळी नाही केली. लाइटला दीड, साध्या प्लगला अडीच, एसी आणि गीझरला चार स्क्वेअर एमएमची वायर, बॉक्स जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याचे. फरशी अजून बसलेली नव्हती त्यामुळे उंची कुठून धरायची हा प्रश्न असतोच, तर त्याने लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) घेऊन सगळ्या खोल्यांत एक लाइन मारली आणि तिथूनच खाली-वर मोजलं, म्हणून आज बोर्ड सगळे एका रेषेत दिसतात. आणि बेडरूमच्या चार इंची भिंतीत दोन्हीकडचे बोर्ड पाठीला पाठ येत होते, बॉक्स साधारण दोन इंच खोल म्हणजे भिंत आरपारच झाली असती, ते त्याने न सांगता ओळखून एक बॉक्स बाजूला सरकवला.

आता खरी गोष्ट. बॉक्स विटेच्या बाहेर किती ठेवायचा हे गिलावा किती जाड येणार यावर ठरतं, आणि गिलावा तर नंतर होतो. आतून साधारण १२ ते १५ एमएम धरतात, पण विटेच्या भिंतीची एक बाजू सरळ असते आणि दुसरी ओबडधोबड, तिथे २० पण लागतो, भिंत ओळंब्यात नसेल तर त्याहून जास्त. म्हणून मिस्त्रीने आधी दोरी-ओळंबा लावून भिंतीवर लेव्हलचे ठिय्ये (गिलावा कुठवर येणार ते दाखवणारे सिमेंटचे छोटे ठिपके) मारायचे आणि वायरमनने त्या ठिय्यांवर पट्टी धरून बॉक्स बरोबर त्या पातळीत पक्के करायचे, ही साधी पद्धत आहे. आमच्या वायरमनने तसं सांगितलं पण होतं. प्लास्टरवाल्यांचं उत्तर, "ताई, आमची माणसं दुसऱ्या साइटवर आहेत, त्यांना म्हणावं बसवून टाका, आम्ही मिळवून घेतो." मिळवून कसलं घेतात! जिन्याच्या भिंतीवर गिलावा जवळपास इंचभर आला आणि बॉक्स आत गेले, प्लेटचे स्क्रू पोचेनात, लांब स्क्रू शोधत दुकानं फिरलो. किचनमधे उलटं, बॉक्सची कड बाहेर, प्लेट बसवली तर मागून फट दिसते आणि ती फट आता पुट्टीने झाकलीये.

दुसरं म्हणजे माल (कालवलेलं सिमेंट-वाळू) बॉक्समधे जाणं. वायरमनने बॉक्समधे सिमेंटच्या गोणीचा कागद कोंबला होता, तो ओला झाला की बसतो आणि माल आत शिरतो, त्यापेक्षा मापाने कापलेला थर्माकोलचा तुकडा कधीही चांगला. बॉक्सच्या कानांच्या (जिथे प्लेटचे स्क्रू बसतात) आट्यात सिमेंट गेलं की स्क्रू फिरत नाही, वायरमनला टॅप मारत (आटे पुन्हा कापत) बसावं लागलं आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. काही बॉक्स तर पूर्ण गिलाव्याखाली गाडले गेले. त्याने गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचे टेप धरून फोटो काढलेले म्हणून सापडले, नाहीतर भिंत ठोकत बसा टकटक करत. (हे फोटो तुम्ही पण काढा, आणि स्वतःच्या फोनमधे ठेवा, वायरमन फोन बदलतो.)

झिऱ्यांवर तारेची जाळी कोणी मारायची यावर पण दोघांचं तू तू मैं मैं. जाळी नाही मारली तर पाइपच्या रेघेवर हमखास तडा येतो. शेवटी जाळी मी आणून दिली तेव्हा मिस्त्रीने मारली, आणि छान मारली, म्हणजे येत होतं.

मग भांडण कशाचं, तर पैशाचं. वायरमन पॉइंटवर, म्हणजे दर लाइट-प्लगमागे घेतो, गिलावा ब्रासवर, म्हणजे १०० स्क्वेअर फुटाला. बॉक्सची कड साफ करणं दोघांच्याही हिशोबात नाही. मिस्त्री म्हणाला, "ताई, बॉक्सभोवती हात अडतो, टाइम जातो, त्याचे कोण देणार?" यात थोडं खरं आहे. पण बांधकामाच्या मोजमापाचं आयएस १२०० भाग १२ हे भारतीय स्टँडर्ड आहे, त्यात अर्धा चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग गिलाव्यातून वजा करत नाहीत आणि त्याच्या कडांचे वेगळे पैसेही धरत नाहीत. १२ मॉड्यूलचा (बारा स्विचच्या जागेचा) बॉक्स घेतला तरी तो त्याच्या कितीतरी आत बसतो. म्हणजे जिथे गिलावा केलाच नाही त्या चौकोनाचे पैसे बिलात आलेलेच आहेत, कडेचा मोबदला तोच. हे सांगितल्यावर हसला नुसता, पण दुसऱ्या दिवशी किचनमधले बॉक्स मोकळे केलेले होते.

बाकी गिलावा स्वतः चांगला आहे हे मान्य करायला पाहिजे, रात्री भिंतीला चिकटून टॉर्च मारला तरी लाट दिसत नाही, कोपरे काटकोनात. फक्त पाणी मारताना पोरगा पाइप सरळ बॉक्समधे सोडायचा. वायर तेव्हा ओढलेल्या नव्हत्या म्हणून निभावलं, तरी सप्लाय जोडायच्या आधी वायरमनने मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून सगळ्या सर्किट चेक केल्या.

वायरमनचा एक स्टार कापला तो राडारोडा तसाच टाकून गेला म्हणून. प्लास्टरवाल्यांचे अडीच गेले ते सगळे बॉक्सचेच. खालचं जुनं प्लास्टर उन्हाळ्यात काढायचंय, टीम याच दोन्ही ठेवणार, पण कोटेशनमधे "ठिय्ये आधी, बॉक्स नंतर, कड गिलाव्यासोबतच मिस्त्रीने साफ करायची" एवढं लिहून घेणार आणि सगळ्या प्लेटा बसेपर्यंत गिलाव्याचा शेवटचा हप्ता माझ्याकडे राहणार.