रोबोटिक गेट ट्रेनरवरची २० सत्रे

आईला पक्षाघात होऊन सहा आठवडे झाले होते. तिचा उजवा पाय उचलला जात नव्हता आणि दोघांनी धरल्याशिवाय तिला उभे राहता येत नव्हते. अशा अवस्थेत डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही एका पुनर्वसन केंद्रात तिच्यासाठी रोबोटिक गेट ट्रेनरची, म्हणजे मोटारींनी पाय हलवून चालण्याचा सराव देणाऱ्या यंत्राची, सत्रे सुरू केली. आठवड्यातून चार दिवस याप्रमाणे पाच आठवड्यांत २० सत्रे झाली आणि त्यांतील बहुतेक सत्रांना मी शेजारी उभी होते.

स्वित्झर्लंडमधील होकोमा कंपनीच्या लोकोमॅट या यंत्रामुळे ही रचना अनेकांच्या परिचयाची आहे. आमच्या केंद्रातील यंत्र वेगळ्या कंपनीचे असले तरी त्याचे तत्त्व तेच होते. ट्रेडमिलच्या वर टांगलेला हार्नेस, म्हणजे अंगाभोवती बांधायचा पट्टा, शरीराचे काही वजन उचलून धरतो आणि मांडी व पोटरीला पट्ट्यांनी बांधलेल्या बाह्य सांगाड्यातील मोटारी खुबा आणि गुडघा पावलागणिक हलवतात. घोट्याला मोटार नव्हती. पावलाचा पुढचा भाग खाली लोंबू नये म्हणून स्प्रिंगचे पट्टे तो वर ओढून धरत असत.

पहिल्या दिवशी मापे घेऊन पट्टे बसवण्यातच निम्मा वेळ गेला, पुढे ते काम दहा मिनिटांत होऊ लागले. दुसऱ्या सत्रानंतर आईच्या नडगीवर पट्ट्याच्या कडेने लाल वळ उमटलेला घरी आल्यावर दिसला. त्या पायाची संवेदना कमी असल्याने तिला तो जाणवलाही नव्हता. नंतर तिथे जाड पॅडिंग लावून घेतले आणि प्रत्येक सत्रानंतर त्वचा तपासण्याची सवय ठेवली. ज्यांच्या रुग्णाची संवेदना कमी आहे त्यांनी ही तपासणी स्वतः करावी.

यंत्राची खरी ताकद पावलांच्या संख्येत आहे. पक्षाघातानंतरच्या नेहमीच्या फिजिओथेरपीत रुग्ण प्रत्यक्ष किती चालतो, हे मोजणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. चालण्याचा सराव झालेल्या सत्रांत सरासरी ३५७ पावले पडली होती. आईने तिसऱ्याच सत्रात अर्ध्या तासात नऊशेहून अधिक पावले टाकली. जमिनीवर तिला तेवढे चालवायचे झाले असते, तर दोन फिजिओथेरपिस्ट थकून गेले असते, आणि पडण्याची भीती राहिली असती ती वेगळीच.

माझी मुख्य तक्रार मात्र याच पावलांबद्दल आहे. पाय हलवण्यात मोटारींचा वाटा किती असावा, हे या यंत्रात टक्क्यांमध्ये ठरवता येते आणि पहिले दोन आठवडे केंद्राने तो १०० टक्क्यांवरच ठेवला. यंत्र सगळे काम करू लागले की रुग्णाचे स्नायू हळूहळू अंग काढून घेतात. आई यंत्राच्या पडद्याकडे बघत शांतपणे चालत होती, तिला घाम येत नव्हता आणि घरी आल्यावर पाय होता तसाच जड होता. आम्ही विचारणा केल्यावर वरिष्ठ फिजिओथेरपिस्टने मोटारींचा वाटा आधी ७० टक्के आणि मग ५० टक्क्यांवर आणला, हार्नेसचा आधारही कमी केला. त्या दिवशी पावले घटून सहाशेवर आली, आई दमून गेली आणि खाली उतरताच म्हणाली, "आज पाय मी उचलला." माझ्या मते तिची सुधारणा त्या सत्रापासून सुरू झाली.

संशोधनाचा कौलही सरसकट नाही. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात ६२ चाचण्या आणि २४४० रुग्णांचा विचार केला आहे. फिजिओथेरपीच्या जोडीला असे यंत्र वापरले, तर स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते आणि पहिल्या तीन महिन्यांतील व चालता न येणाऱ्या रुग्णांना अधिक लाभ होण्याचा संभव आहे, असे त्यात म्हटले आहे. याउलट २००९ मधील ६३ रुग्णांच्या एका चाचणीत, थोडेफार चालू शकणाऱ्यांचा वेग आणि अंतर नेहमीच्या प्रशिक्षणानेच जास्त वाढले. म्हणून काठी घेऊन चालणाऱ्या रुग्णासाठी मी या सेवेची शिफारस करणार नाही. आईसारख्या रुग्णासाठी निःसंकोच करेन, फक्त मोटारींचा वाटा दर आठवड्याला किती कमी केला याची नोंद केंद्राकडून मागून घ्यावी. हाडे फार ठिसूळ झालेली असतील, सांधे आखडलेले असतील किंवा त्वचेवर जखम असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्रावर चढू नये.

वळणे, उंबरा ओलांडणे, खुर्चीतून उठणे यांपैकी काहीही या यंत्राने शिकवले नाही, कारण त्यात कंबर धरून ठेवलेली असते आणि तोल सावरण्याची वेळच येत नाही. विसाव्या सत्रानंतर आई वॉकर घेऊन, कुणीही न धरता, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, पण परत फिरताना तिला माझा हात लागला. सध्या आठवड्यातून तीन दिवस जमिनीवर वळण्याचाच सराव चालू आहे.