जुना थिंकपॅड टी४८० : पदवीच्या अभ्यासासाठी स्वस्तातला लॅपटॉप, दीड वर्षाच्या वापरानंतर

माझी भाची जून २०२४ मध्ये संख्याशास्त्राच्या पदवीसाठी चिपळूणहून मुंबईत आली, तेव्हा तिच्या वडिलांनी लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये माझ्याकडे दिले. एवढ्यातच बसवायचे आणि पदवी हातात पडेपर्यंत दुसरा मागायचा नाही, अशी त्यांची अट होती. त्या पैशांत आम्ही लेनोवोचा थिंकपॅड टी४८० हा रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकला जाणारा लॅपटॉप घेतला. दीड वर्ष तो रोज वापरात आहे. या पल्ल्यावर त्याचे गुणदोष सांगणे मला योग्य वाटते, कारण लॅपटॉपची बहुतेक परीक्षणे खोके उघडल्यावर आठवडाभरात लिहिली जातात आणि विद्यार्थ्याचा खरा प्रश्न दुसऱ्या वर्षी सुरू होतो.

आधी नवा लॅपटॉप का घेतला नाही ते सांगतो. २५ हजारांच्या आत मिळणाऱ्या नव्या लॅपटॉपमध्ये तेव्हा बहुतेक वेळा सेलेरॉन या इंटेलच्या स्वस्त जातीचा प्रोसेसर असे, आणि काहींमध्ये वेगवान एसएसडीऐवजी मोबाइलसारखी ईएमएमसी ही संथ साठवण असे. अशा लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब, शेजारी एक पीडीएफ आणि मागे आर ही संख्याशास्त्राची प्रणाली एकदम चालू केली, की कळ दाबल्यानंतर अक्षर उमटायला वेळ लागतो. ३५ ते ४० हजारांत स्थिती बरी होती, पण तिथे आकड्यांची एक गंमत होती. त्या किमतीत तेव्हा सर्रास दिसणारा एएमडीचा रायझन ५ ७५२०यू हा प्रोसेसर नावावरून अगदी ताजा वाटतो. प्रत्यक्षात त्या क्रमांकातला पहिला ७ फक्त मालिकेचे वर्ष सांगतो आणि आतली रचना तिसऱ्या अंकावरून कळते. तिथला २ म्हणजे झेन २, जी २०१९ मध्ये बाजारात आली. शिवाय या प्रोसेसरबरोबरची रॅम मदरबोर्डावर कायमची जोडलेली असते. ८ जीबी घेतलीत तर पदवी संपेपर्यंत ८ जीबीच. वाईट म्हणावा असा तो प्रोसेसर नाही, परंतु ज्याला चार वर्षे काढायची आहेत त्याने ही गोष्ट पैसे मोजण्याआधी समजून घेतली पाहिजे.

टी४८० हा २०१८ चा लॅपटॉप आहे. कंपन्या तो शेकड्यांनी घेत असत आणि तीन-चार वर्षांनी एकदम मोडीत काढत असत. आज दुकानांत दिसणारा माल बहुतेक तिथूनच येतो. त्यात बहुतेक वेळा इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर असतो, आणि आमच्या निवडीचे सगळे गणित या एका पिढीवर उभे होते. सातव्या पिढीपर्यंत या वर्गातल्या आय५-आय७ प्रोसेसरांना दोन कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारी गणनाकेंद्रे, असत, आठव्या पिढीत ते चार झाले. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या प्रोसेसरांची जी यादी ठरवली, तीही जवळजवळ आठव्या पिढीपासूनच सुरू होते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे ही रेघ आता कागदावरची राहिलेली नाही. अडचण अशी, की आधीचा टी४७० दिसायला जवळजवळ हुबेहूब टी४८० सारखाच आहे आणि दुकानाच्या मांडणीत दोघे एकाच रांगेत उभे असतात. पडद्याच्या चौकटीवरचे नाव वाचल्याशिवाय आणि प्रोसेसरचा क्रमांक ८ ने सुरू होतो हे सेटिंगमध्ये पाहिल्याशिवाय पुढे बोलू नये.

खरेदीसाठी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. रस्त्याचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर ते नाव घेऊन विचारले तर विचारणाराच गोंधळात पडेल. चार दुकाने पाहिली, पाचव्यात थांबलो. दुकानदाराने मशीन चालू करून दाखवले, वॉलपेपर छान होता, आणि एवढ्यावर बहुतेक गिऱ्हाइके पैसे काढत असावीत. भाचीने मात्र शांतपणे कमांडची काळी खिडकी उघडली आणि पॉवरसीएफजी ही आज्ञा देऊन बॅटरीचा अहवाल काढला. ही सोय विंडोजमध्येच असते, वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. अहवालात प्रत्येक बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण भरल्यावरची क्षमता अशा दोन संख्या खालीवर येतात. मागच्या बॅटरीची मूळ क्षमता सुमारे २४,००० मिलिवॅट-अवर होती आणि आता ती १५,००० च्याही खाली आली होती.

"मामा, हिचं चाळीस टक्के आयुष्य गेलेलं आहे," ती म्हणाली.

"ताई, जुन्या मालात एवढं चालायचंच," दुकानदार म्हणाला. "सहा महिन्यांची वॉरंटी देतो ना. बॅटरी आणि अ‍ॅडॅप्टर सोडून."

वॉरंटीचे हे शेपूट जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐकू येते. जे भाग सर्वांत आधी जातात तेच नेमके तिच्यातून वगळलेले असतात. पण टी४८० ची बांधणी इथे गिऱ्हाइकाच्या बाजूने उभी राहते. या लॅपटॉपला दोन बॅटऱ्या असतात, एक आत बसवलेली आणि दुसरी मागे बाहेरून लावायची. मागची बॅटरी दोन खटके सरकवले की हातात येते, आणि आतली भरलेली असेल तर मशीन बंद न करता ती बदलता येते. मागच्या बॅटरीचा ७२ वॅट-अवरचा मोठा प्रकारही मिळतो. घासाघीस करून आम्ही मूळची छोटी बॅटरी परत दिली आणि २,२०० रुपये जादा देऊन मोठी घेतली. ती अर्थातच मूळ कंपनीची नव्हती, 'कंपॅटिबल' होती.

आणखी दोन तपासण्या तिथेच उरकल्या. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला जात नाही ना, ही पहिली. या मशीनवर सुपरवायझर पासवर्ड अडकलेला असेल तर तो काढणे सामान्य माणसाच्या हातातले काम नाही. दुसरी तपासणी वेळखाऊ आहे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. विंडोज पूर्ण रीसेट करून, इंटरनेट जोडून, पहिल्या स्वागताच्या पडद्यापर्यंत जाऊन पाहावे. लॅपटॉप एखाद्या कंपनीच्या नोंदीतून काढलेला नसेल तर त्या पडद्यावर त्या कंपनीचे लॉगिन मागितले जाते, आणि मग तुम्ही मालक असूनही तो तुमचा नसतो. या कामाला पाऊण तास लागला, दुकानदाराने दोनदा चहा मागवला, आणि दुसऱ्या चहाच्या वेळी तो जरा कमी गोड बोलू लागला होता. रीसेटचा आणखी एक फायदा झाला. दुकानाने भरून ठेवलेले चोरीचे ऑफिस त्यात निघून गेले, आणि विंडोज मात्र मशीनमध्येच कोरलेल्या मूळ परवान्यावर आपोआप सक्रिय झाले. लेखनासाठी भाची लिबर ऑफिस ही मोफत प्रणाली वापरते आणि आजवर तिचे कुठे अडलेले नाही.

दुकानाबद्दलची तक्रार ही, की ती 'कंपॅटिबल' बॅटरी तिसऱ्या आठवड्यातच ४० टक्क्यांवरून थेट शून्यावर उडी मारू लागली. बिलावर बॅटरीची वेगळी ओळ आणि 'तीन महिने बदली' हे शब्द मी आग्रहाने लिहून घेतले होते म्हणून ती बदलून मिळाली, तरीही त्यासाठी दोन खेपा आणि आठ दिवस गेले. जीएसटीसह पक्के बिल मागितले की किंमत थोडी वाढते. ती वाढ द्यावी. बदललेली बॅटरी अजून नीट आहे आणि वर्गातले लेखन, वाचन, थोडे कोडिंग धरून दोन्ही मिळून सात तासांच्या आसपास काढतात.

वापराबद्दल बोलायचे तर कीबोर्ड हा या लॅपटॉपचा सर्वांत मोठा गुण आहे. कळा खोलवर दबतात, बोटाला प्रतिसाद मिळतो, आणि रात्री प्रकल्पाचे तीस पानांचे टिपण टंकताना मनगट भरून येत नाही. सुरुवातीला एक त्रास होतो. डाव्या कोपऱ्यात जिथे कंट्रोलची कळ अपेक्षित असते तिथे थिंकपॅडमध्ये एफएन असते, त्यामुळे पहिले काही दिवस कॉपी-पेस्ट चुकत राहते. बायोसमध्ये या दोन कळांची अदलाबदल करण्याची सोय आहे. ती केली आणि प्रश्न मिटला. परदेशातून आलेल्या काही मशीनवर तिकडच्या मांडणीचा कीबोर्ड असतो आणि त्यावर इंग्रजी अक्षरांचे स्टिकर चिकटवलेले असतात, ते मात्र नखाने खरवडून पाहून घ्यावे.

पडदा ही या लॅपटॉपची पडती बाजू आहे. टी४८० अनेक पडद्यांसह विकला गेला आणि त्यांतला १३६६ बाय ७६८ चा पडदा अभ्यासाला अगदीच अपुरा आहे; एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला टिपणे उघडली की दोन्हींकडे अर्धवट ओळी दिसतात. फुल एचडी (१९२० बाय १०८०) आयपीएस, म्हणजे बाजूनेही नीट दिसणाऱ्या पडद्याचेच मशीन मागावे, हजार-पंधराशे जास्त पडले तरी चालतील. तोही फार तेजस्वी नाही. २५० निट्सचा (निट हे तेजाचे एकक) पडदा खोलीत पुरतो, पण खिडकीशेजारी बसून काम करायचे तर पाठ फिरवून बसावे लागते, आणि रंग फिकेच दिसतात. आकृत्या व तक्ते पाहणाऱ्या विद्यार्थिनीला याने फरक पडला नाही. फोटोवर काम करणाऱ्याला पडेल.

वजनही सांगितले पाहिजे. मोठ्या बॅटरीसह हा लॅपटॉप पावणेदोन किलोंच्या पुढे जातो आणि बॅटरीचा फुगवटा तळाशी बाहेर येतो. सकाळच्या लोकलमध्ये पाठीवरची पिशवी पोटाशी घेऊन उभे राहावे लागते, तेव्हा हे वजन जाणवते. भाचीने पहिल्याच महिन्यात जाड पुस्तके वसतिगृहावर ठेवायला सुरुवात केली. उलट, एचडीएमआय आणि नेटवर्कच्या तारेचे खाचे लॅपटॉपवरच असल्याने प्रकल्प सादर करताना ती प्रोजेक्टरला सरळ तार लावते, आणि पातळ लॅपटॉपवाले मित्र तेव्हा तिच्या मशीनसाठी रांग लावतात.

चार्जिंग टाइप-सी ने होते. डाव्या बाजूला दोन खाचे आहेत आणि दोन्हींतून चार्ज होतो. इथे एक जाहीर माहिती ठाऊक असावी : त्या काळातल्या अनेक थिंकपॅडांच्या थंडरबोल्ट खाच्यासाठी (दोन टाइप-सी खाच्यांपैकी जास्त वेगवान) लेनोवोने २०१९ मध्ये फर्मवेअरचे, म्हणजे त्या भागातच भरलेल्या प्रणालीचे, तातडीचे अद्यतन काढले होते, कारण जुन्या फर्मवेअरवर तो खाचा काळानुसार निकामी होऊ शकतो. कंपनीच्या व्हँटेज या प्रणालीतून हे काम फुकटात होते. आम्ही ते पहिल्याच संध्याकाळी केले. हे खाचे मदरबोर्डलाच जोडलेले असल्यामुळे चार्जरची तार पायात येणार नाही अशी ठेवावी. वसतिगृहात एका सॉकेटवर तिघींची ओढाताण असते तिथे हे सांगणे सोपे, पाळणे कठीण.

हा लॅपटॉप सर्वांसाठी नाही. वास्तुकला, त्रिमितीय आरेखन, व्हिडिओ संपादन किंवा गेम बनवणे शिकणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सची तेवढी ताकद नाही, आणि अशा विद्यार्थ्याने पैसे साठवून वेगळे ग्राफिक्स असलेले मशीन घ्यावे. ज्याच्या घरात किंवा ओळखीत स्क्रूड्रायव्हर धरणारे कोणी नाही आणि जो चिपळूण-रत्नागिरीसारख्या ठिकाणी, विक्रेत्यापासून दूर राहतो, त्याला घरी येऊन दुरुस्ती देणारी एक वर्षाची वॉरंटी असलेला नवा लॅपटॉपच बरा. वाणिज्य, कला, भाषा, गणित, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्राची पहिली वर्षे यांच्यासाठी मात्र त्या किमतीत मला याहून बरा पर्याय तेव्हा दिसला नाही.

हिशेब असा झाला : ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसह मशीन २०,५०० रुपये, मोठी बॅटरी २,२००, आणि नंतर ८ जीबीची आणखी एक रॅम १,७०० रुपये. एकूण २४,४००. इथे रॅम मदरबोर्डावर कायमची जोडलेली नसून दोन स्लॉटमध्ये बसत असल्याने दुसरी रॅम घरीच बसवली. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, त्यामुळे आता घेणाऱ्याने 'नंतर वाढवू' असे न म्हणता १६ जीबी असलेलेच मशीन शोधावे आणि दुकानातच दोन्ही स्लॉट तपासावेत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पंखा घरघरू लागला, तेव्हा भाचीने माझ्याकडे न आणता लॅपटॉप स्वतः उघडला. आधी बायोसमधून आतली बॅटरी बंद केली, मागची काढली, खालचे स्क्रू सैल केले. ते सुटून हरवत नाहीत, झाकणातच अडकून राहतात. आतून निघालेल्या धुळीच्या बोळ्याचा फोटो तिने मला पाठवला आणि खाली विचारले, "मामा, प्रोसेसरवरची पेस्ट कुठली आणू?"