जिल्हा परिषदेची शाळा की इंग्रजी माध्यम? चौथीतली दोन मुलं

भाची गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत, माझा मुलगा शहरात इंग्रजी माध्यमात. दिवाळीत दोघांना ५२ वजा २७ घातलं. चिरंजीवांनी झटक्यात ३५ लिहिलं. सातातून दोन गेले पाच, झालं! भाचीनं पाच गठ्ठे नि दोन सुट्या काड्या काढल्या, एका गठ्ठ्याचं रबर सोडलं आणि २५ मोजून दाखवले. मुलाच्या वहीत मात्र पानोपान ‘गुड’. सगळं फळ्यावरून उतरवलेलं.

म्हणून गावची शाळा सरस? गणितात नक्कीच. पण तिथे चार वर्गांना दोनच शिक्षक. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात साठपर्यंतच्या पटाला दोनच बसतात. त्यातला एक निवडणुकीच्या कामाला गेला की दुसरा चारही वर्ग हाकतो. भाचीचं इंग्रजी अक्षरओळखीपुढे फारसं सरकलेलं नाही. मुलगा गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचतो. अर्थ विचारला की गप्प, ही गोष्ट वेगळी.

फी, बस, गणवेशाचं तर बोलायलाच नको.

तूर्त मुलाची शाळा बदलत नाही. काड्यांचे गठ्ठे मात्र घरी आणलेत.