ट्रॅम्पोलिन पार्क: रविवारची संध्याकाळ की मधल्या वाराची सकाळ?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे गेला की बागेतल्या घसरगुंडीला हात लावता येत नाही. मग सगळे एसीतल्या ट्रॅम्पोलिनकडे, म्हणजे उड्या मारायच्या ताणलेल्या जाळीकडे वळतात, तेही रविवारी संध्याकाळीच. गर्दीत एका जाळीवर दोघं-तिघं उड्या मारतात. मोठं पोर आदळलं की जाळी उसळते, नेमकं तेव्हाच लहानगं खाली येत असतं. सगळा धक्का त्याच्या नडगीवर बसतो आणि हाड मोडू शकतं. मंगळवार-बुधवारी सकाळी ‘एका जाळीवर एकच’ हा नियम खरोखर पाळता येतो. ६ वर्षांखालच्यांना मात्र मोठ्या जाळीवर कधीच सोडू नका. फोमच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्यात उडी मारताना पाय आधी, डोकं नाही. ग्रिपचे मोजे दोन्ही वेळी हवेतच. सकाळी जाताना तर्री-पोहे खाल्ले असतील, तर तासभर थांबा. रविवारचा फायदा एकच, घरचे सगळे मोकळे असतात.