पॉड मोठा करायचा की पॉड वाढवायचे?

कुबरनेटीसवरची, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या-सांभाळणाऱ्या प्रणालीवरची, सर्व्हिस लोडखाली धापा टाकू लागली की दोन वाटा असतात. आहे त्याच पॉडला (ॲपची एक चालती प्रत) सीपीयू-मेमरी वाढवून द्यायची, म्हणजे व्हर्टिकल स्केलिंग. किंवा तसलेच आणखी पॉड उभे करायचे, म्हणजे हॉरिझॉन्टल. सेशन रेडिसमध्ये (पॉडबाहेरचा वेगवान डेटा-साठा), फाइली बाहेरच्या स्टोरेजवर आणि एखादा पॉड मेला तरी कुणाचं काही अडत नाही, असं असेल तर सरळ पॉड वाढवा. साध्या वेब एपीआयसाठी मी दुसरा विचारही करत नाही.

हे काम करणारा एचपीए (हॉरिझॉन्टल पॉड ऑटोस्केलर) कुबरनेटीसमध्येच असतो. सीपीयूवर चालवायचा तर त्याला फक्त मेट्रिक्स सर्व्हर (पॉडचा वापर मोजून सांगणारा भाग) लागतो. एरवी तो दर १५ सेकंदांनी हिशेब करतो. सीपीयू वापराचं टार्गेट ६० टक्के, चार पॉडची सरासरी ९० टक्के, तर पॉड होतात सहा. कमी करताना मात्र तो पाच मिनिटं दम धरतो.

गोम अशी की हे टक्के रिक्वेस्टचे असतात, म्हणजे पॉडसाठी आपण मागून ठेवलेल्या सीपीयूचे. कुणीतरी अंदाजाने १०० मिलिकोअर (एका कोअरचा दहावा भाग) लिहून ठेवले आणि पॉड निवांत असतानाही २०० खात असेल, तर एचपीएला कायम २०० टक्के दिसणार आणि पॉड कमाल मर्यादेला जाऊन भिडणार. बिल वाढतं, वेग तोच.

दुसरा फटका डेटाबेसला. हिकारीसीपीचा (जावा ॲपसाठी डेटाबेस कनेक्शन उघडी ठेवणारी लायब्ररी) पूल न बदलता ठेवला तर दर पॉडमागे १० कनेक्शन, आणि पोस्टग्रेस डेटाबेसची मूळ मर्यादा १००, त्यातलीही काही राखीव. दहाव्या पॉडलाच भांडं फुटतं. मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा मध्यस्थ) नसेल तर आधी तो बसवा.

पोस्टग्रेसचा प्रायमरी, म्हणजे लिहिणं घेणारा मुख्य सर्व्हर, मात्र मोठाच करावा लागतो. रेप्लिका (त्याच्या प्रती) जोडल्या तर वाचन वाटलं जातं, लिहिणं एकाच जागी राहतं. भलंमोठं एआय मॉडेल मेमरीत धरणारा पॉडही असाच. इथे छत म्हणजे नोड, पॉड ज्यावर चालतात ते मशीन: कुठल्याच नोडवर मावणार नाही एवढी रिक्वेस्ट मागितली की पॉड पेंडिंगमध्ये पडून राहतो.

पॉडचा आकार आपोआप ठरवणारा व्हीपीए (व्हर्टिकल पॉड ऑटोस्केलर) वेगळा बसवावा लागतो. पूर्वी आकार बदलायचा तर पॉड पाडून नवा उभा करावा लागे. १.३३ आवृत्तीपासून (२०२५) चालू पॉडचा आकार जागेवर बदलण्याची सोय आपोआप चालू असते. जावावाल्यांनी यावर फार हुरळून जाऊ नये. हीपची (जावा ॲपचा डेटा राहतो ती मेमरी) कमाल मर्यादा जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारं इंजिन, सुरू होतानाच ठरते, त्यामुळे कंटेनरला मागाहून दिलेली मेमरी हीपला मिळतच नाही.

एचपीए आणि व्हीपीए एकाच वेळी, दोन्ही सीपीयूवर, असं लावू नका. व्हीपीए रिक्वेस्ट वाढवतो, त्यामुळे टक्के उतरतात, आणि ते पाहून एचपीए पॉड कमी करतो. एचपीएला थांबलेल्या कामांच्या रांगेच्या लांबीसारखं वेगळं मोजमाप दिलं तर दोघं नांदतात.

अजून ठरत नसेल तर व्हीपीए 'ऑफ' मोडमध्ये लावा. तो काही बदलत नाही, नुसत्या शिफारशी देतो. महिनाअखेरची गर्दी त्यात येऊ द्या, मग रिक्वेस्ट हाताने दुरुस्त करा आणि त्यानंतरच एचपीए चालू करा. किमान पॉड दोन ठेवा, नाहीतर नोडच्या देखभालीला सर्व्हिस बंद पडेल. सकाळी दहाच्या ठोक्याला बुकिंग उघडणार असेल तर ऑटोस्केलरवर विसंबू नका, कारण नवा नोड यायलाच काही मिनिटं जाऊ शकतात. पावणेदहालाच किमान आकडा वाढवून ठेवा.