घरबसल्या पोट तपासणीचं किट: ६५०० गेले, २ स्टार, तेही डबी बरी होती म्हणून

किट मागवलं ते आबांसाठी. वय ७१, दोन वर्षं झाली रोज सकाळी पित्ताची गोळी चालू, तरी जेवलं की ढेकर आणि जळजळ आहेच, आणि गुहागरला डॉक्टरकडे चला म्हटलं की आमसुलाचं सार पिऊन वेळ मारून नेणार. तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात आली, पोटातले बॅक्टेरिया कॅन्सरचे पार्टिकल सोडतात, घरबसल्या तपासा. मी बीएस्सी मायक्रो, म्हणजे आपल्याला कोण फसवणार अशी गुर्मी, भरले ऑनलाइन ६५००. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच नोटीस नको. आबा एवढंच म्हणाले, "शी पाठवायला साडेसहा हजार? उलट त्यांनी द्यायला हवेत."

साइटवर डिलिव्हरी ३ दिवस लिहिलेली, आमच्याकडे ९ दिवस लागले, आणि कुरिअरवाला वाडीत उतरतच नाही, फाट्यावरून फोन करतो. परत पाठवताना तर आमचा पिनकोडच चालेना, म्हणून भर मे महिन्यात ती डबी मांडीवर घेऊन एसटीने चिपळूण. शेजारच्या मावशी विचारतात, "काय रे, आंबापोळी नेतोस काय?" मी हो म्हटलं, दुसरं काय सांगणार.

किटमधलं सामान मात्र चांगलं होतं हं, खोटं कशाला बोला. झाकणालाच लावलेला चमचा, हातमोजे, कमोडवर लावायची कागदी झोळी, सगळं नीट. मराठीत सूचना नाहीत.

२४ दिवसांनी ३४ पानांची पीडीएफ आली. पहिल्याच पानावर लाल काटा, कॅन्सर पार्टिकल रिस्क हाय. कारण काय तर फ्युसोबॅक्टेरियम नावाचा जंतू जास्त. आणि खाली लगेच त्यांचीच प्रोबायोटिक पावडर, ३ महिन्यांचा कोर्स, आज घेतलीत तर डिस्काउंट. हिला रात्रभर झोप नाही.

मी मग सकाळी चहा घेऊन त्यांचं लीफलेट पहिल्यांदा नीट वाचलं, जे मी पैसे भरायच्या आधी वाचायला हवं होतं. पार्टिकल म्हणजे काय, तर बऱ्याच बॅक्टेरियांच्या बाहेरच्या आवरणाला बारीक फुगे येतात आणि ते सुटून जातात, साधारण २० ते २५० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीवर असे शेकडो ओळीत बसतील. हे काही आजचं नाही, १९६७ मध्ये कोलकात्याला चटर्जी आणि दास यांनी कॉलऱ्याच्या जंतूत हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलेलं. त्या फुग्यांत विषं, प्रोटीन, डीएनएचे तुकडे असं सामान असतं, ते आपल्या पेशीत शिरतं, सूज धरून ठेवतं, आणि वर्षानुवर्षं सूज राहिली की कॅन्सरला वाट मिळू शकते. फ्युसोबॅक्टेरियम आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत सापडतो हेही खरं. म्हणजे जाहिरात सरळ खोटी नाही, तिथेच तर मी गंडलो.

पण त्याच लीफलेटात पान ४ वर लिहिलंय की नळीतला द्रव पेशी फोडतो आणि डीएनए टिकवतो. अरे मग पार्टिकल मोजले कुठून? ते वेगळे काढायला तासन् तास लाखभर पट गुरुत्वाकर्षणाने फिरवणारं सेंट्रिफ्युज लागतं. यांनी फक्त कुठला बॅक्टेरिया किती ते डीएनएवरून बघितलं आणि पार्टिकलचा काटा अंदाजाने लाल केला. कस्टमर केअरच्या मुलीला विचारलं तर ती म्हणे सर आमचा अल्गोरिदम आहे. आणि हेच फुगे वापरून मेंदूज्वराची लस केली जाते, २०१७ मध्ये कोरियातल्या लोकांनी उंदरांना हेच टोचून गाठी घालवल्या, ते ३४ पानांत कुठेच नाही. त्याने पावडर कशी खपणार.

शेवटी आबांना रत्नागिरीला नेलं. पोटाच्या डॉक्टरांनी पीडीएफचं पहिलं पान बघितलं आणि बाजूला ठेवली. म्हणाले, "आबा, तोंड उघडा बघू." हिरड्या सुजलेल्या, दाबलं तर रक्त. हा फ्युसोबॅक्टेरियम मुळात तोंडातलाच रहिवासी, हिरड्या खराब असल्या की लाळेबरोबर पोटात जातच राहतो. शौचातलं रक्त बघायची साधी टेस्ट केली, निगेटिव्ह. पित्ताची गोळी २ आठवडे बंद, नाहीतर पुढची टेस्ट खोटी येते, आणि मग एंडोस्कोपी. त्या २ आठवड्यांत आबांनी घर डोक्यावर घेतलं.

घशात स्प्रे मारून नळी घातली, ५ मिनिटांत काम झालं. जठराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पिवळ्या जेलीवर ठेवला, डॉक्टर म्हणाले थांबा बघत. आम्ही बाकड्यावर बसलेलो, नर्सने वीसेक मिनिटांनी दाखवलं तर तुकड्याभोवती गुलाबी होत चाललेलं. हेलिकोबॅक्टर पायलोरी. जेलीतला युरिया फोडून अमोनिया करतो म्हणून रंग बदलतो. हाच तो जंतू ज्याच्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या मार्शल आणि वॉरन या डॉक्टरांना २००५ चं नोबेल मिळालं, मार्शलने १९८४ मध्ये स्वतः तो पिऊन दाखवला होता. १९९४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या, कॅन्सर नक्की करणाऱ्यांच्या पहिल्या यादीत आहे, आणि फुगे सोडणाऱ्यांतला पण पक्का, त्यातून व्हॅकए नावाचं विष पाठवतो. तरी लागण झालेल्या शंभरातल्या एक ते तिघांनाच पुढे जठराचा कॅन्सर होतो, असं डॉक्टरांनी आबांना दोनदा सांगितलं.

आणि आमच्या ३४ पानांत? पायलोरीचं नावसुद्धा नाही. जठराच्या अस्तराला चिकटून राहणारा जंतू, शौचात त्याचा डीएनए जेमतेम, या किटला दिसणार कसा. पण मग "पोटाची संपूर्ण तपासणी" असं खोक्यावर छापू नका ना.

किटचा एक स्टार डबीचा, दुसरा त्याच्या धास्तीने आबा एकदाचे रत्नागिरीला आले त्याचा. रिफंड मागितलाय, मेलला उत्तर नाही, पावडरीच्या ऑफरचे मेसेज मात्र न चुकता येतात.

१४ दिवसांचा गोळ्यांचा कोर्स संपला, जळजळ पुष्कळ कमी आहे, दाताच्या डॉक्टरकडे दोन फेऱ्या झाल्या. आता चार आठवड्यांनी पायलोरी गेला का बघायला परत शौचाचीच टेस्ट, पण ही डीएनए नाही, जंतूचं प्रोटीन शोधते, मेडिकलमधल्या साध्या डबीत. आबा डबी हातात धरून विचारतात, "ही पण एसटीने न्यायची काय?"